कॉलेज निवडण्याआधी वॉर्ड बघून ये

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,

तुझा मोठा निरोप वाचला. आईशीही फोनवर बोलणं झालं. नर्सिंगची सीईटी झाली, आता कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या यादीची वाट बघणं चालू आहे आणि घरात रोज नवा वाद आहे. आईला सरकारी जीएनएम हवंय, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, खर्च कमी म्हणून. बाबांना बीएस्सी नर्सिंगची पदवीच हवी, कॉलेज खाजगी असलं तरी चालेल. मामा मुंबईचं नाव काढतोय. त्यात कुणा एजंटाचा फोन येऊन गेला, की आत्ताच थोडे पैसे भरा, जागा पक्की करून देतो. या सगळ्यात तुला काय वाटतं, हे मात्र तू दोनच ओळींत लिहिलंस: "मावशी, मला नर्सच व्हायचंय, पण कुठून होऊ ते कळत नाही." त्या दोन ओळींसाठी हे पत्र.

आधी मत सांगते, कारणं मागून. सरकारी प्रवेश प्रक्रियेतून बीएस्सीची जागा मिळाली आणि त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात खरोखर पेशंट असले, तर डोळे मिटून बीएस्सी घे. तिथे खाटा रिकाम्या असतील, तर ती पदवी सोड आणि भरलेल्या हॉस्पिटलातलं जीएनएम घे. बाबांना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. त्यांना हे पत्र वाचायला दे.

दिंडोरीहून नाशिकला येताना म्हसरूळच्या बाजूला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं, ते तू पाहिलेलं आहेस. ते 1998 मध्ये स्थापन झालं, आणि अभिमत विद्यापीठांसारखे थोडे अपवाद सोडले तर राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगच्या परीक्षा तेच घेतं. म्हणजे मुंबईच्या कॉलेजातली मुलगी आणि आपल्या जिल्ह्यातली मुलगी एकच अभ्यासक्रम शिकतात, एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. जीएनएमचंही तसंच, तिथे राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ परीक्षा घेतं. पुस्तकं तीच, विषय तेच, पदवीवरचा शिक्का तोच. मग एका कॉलेजातून निघालेली मुलगी पहिल्या दिवसापासून वॉर्ड सांभाळते आणि दुसऱ्या कॉलेजातल्या मुलीचा हात सलाइन लावताना थरथरतो, हा फरक कुठून येतो? खाटेजवळ कोण किती उभं राहिलं, यातून येतो. दुसरं कुठलंही कारण मला इतक्या वर्षांत सापडलं नाही.

मी प्रसूती विभागात होते तेव्हाची गोष्ट सांगते. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, कळवण तालुक्यातली, मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळायची. दुपारची वेळ, वॉर्ड भरलेला. नुकतीच बाळंत झालेली एक बाई शांत पडून होती, नातेवाईकही निर्धास्त होते. ही मुलगी तिच्या पोटावर हात ठेवून आली आणि मला म्हणाली, "सिस्टर, पिशवी मऊ लागतेय, आणि नाडी मघापेक्षा जोरात आहे." मी चादर बाजूला केली तर खाली रक्त साठलेलं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून घट्ट व्हायला हवं. ते मऊ राहिलं तर बाई बघता बघता हातची जाऊ शकते. तिने तोपर्यंत पिशवी चोळायला सुरुवातही केली होती. मी डॉक्टरांना हाक मारली, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन सुरू झालं, मूत्राशय रिकामं केलं, रक्तपेढीला निरोप गेला. बाई वाचली.

त्या मुलीला हे पुस्तकातून माहीत होतं, तसं ते सगळ्यांनाच माहीत असतं. पण घट्ट पिशवी हाताला कशी लागते हे तिला माहीत होतं, कारण तिने त्याआधी कितीतरी बाळंतिणींच्या पोटांवर हात ठेवला होता. म्हणून मऊ लागली ती लगेच कळली. याउलट पेशंटच्या नोंदींची केसबुकं सुंदर अक्षरात पूर्ण केलेल्या, आकृत्या रंगवलेल्या मुलीही माझ्याकडे आल्यात. विचारलं की कळायचं, मागच्या बॅचच्या वहीवरून उतरवलंय. त्यात त्यांचा दोष फार थोडा. त्यांच्या कॉलेजने त्यांना पेशंटच दाखवले नव्हते. चार वर्षांची फी घेऊन मुलीला वॉर्डाबाहेर ठेवणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, आणि पुढे ज्या पेशंटपाशी ती उभी राहील त्याच्यावरही.

म्हणून यादी लागेपर्यंतचे दिवस घरात बसून घालवू नकोस. तुझ्या पसंतीक्रमात असलेल्या प्रत्येक कॉलेजचं हॉस्पिटल बघून ये. रविवारी जाऊ नकोस, कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराला जा. ओपीडीत रांग आहे का बघ. भेटीच्या वेळेत वॉर्डात डोकावता आलं तर खाटांवर माणसं आहेत का बघ. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की एका विद्यार्थ्यामागे किमान तीन पेशंट हवेत आणि हॉस्पिटलच्या निदान 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात. कागदावर हे सगळ्यांकडेच असतं. पण तपासणीच्या दिवशी भरलेल्या खाटा आणि एरवी मंगळवारी भरलेल्या खाटा यांत पुष्कळ अंतर असू शकतं, आणि ते तुला स्वतःच्या डोळ्यांनीच दिसेल.

मग फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. तिथे ड्युटी संपवून आलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली भेटतीलच. ऑफिसातल्या माहितीपत्रकापेक्षा त्यांच्याकडून खरं कळतं. त्यांना विचार, स्वतःच्या हाताने बाळंतपणं केलीत का, की लांबून बघितली? पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, वॉर्डात बरोबर येतात की हजेरी घेऊन निघून जातात? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असा नियम आहे, प्रत्यक्षात किती आहेत? रात्रपाळीला हॉस्टेलवरून ने-आण कशी होते? आणि हे नक्की विचार, की दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं परत मिळाली का. या शेवटच्या प्रश्नावर मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तर सावध हो.

नाशिकचं एक बरं आहे, इथे शिकायला पेशंटची वाण नाही. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये भातलावणीच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. द्राक्षपट्ट्यातून औषधफवारणीच्या विषबाधा येतात, महामार्गावरचे अपघात येतात. कमी वजनाच्या बाळांचा कक्ष तिथेच आहे. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर यांचं काम बघायला मिळतं. आडगावला मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल आहे, घोटीजवळ धामणगावला आहे, नाशिकरोडला बिटको हॉस्पिटल आहे. त्यामुळे कुठल्याही कॉलेजात गेलीस तरी "तुमच्या मुली क्लिनिकलला कुठे जातात, किती आठवडे जातात" हे विचार. स्वतःचं हॉस्पिटल लहान असलं पण मुलींना सिव्हिलला नियमित पाठवत असतील, तर ते कॉलेज माझ्या मते वाईट नाही. हॉस्पिटल चकाचक आहे पण पेशंटला हात लावायची परवानगी फक्त नोकरीतल्या स्टाफला, अशीही ठिकाणं असतात. तिथे तू चार वर्षं कोपऱ्यात उभी राहशील.

आता बीएस्सी आणि जीएनएम. बीएस्सी चार वर्षांची, नव्या अभ्यासक्रमात आठ सत्रं, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप. जीएनएम तीन वर्षांचं. सरकारी अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, भरतीला दोघीही बसतात आणि वॉर्डात दोघी तेच काम करतात. फरक पुढे पडतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बीएस्सी झालेली मुलगी थेट बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करायचं किंवा पुढे शिकवायचं तर पदवी हवीच. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे वाट बंद होत नाही, लांब होते. तीन आणि दोन मिळून पाच वर्षं, मध्ये नोकरी केलीस तर आणखी. ज्या घरात धाकटी भावंडं शिकायची आहेत तिथे तीन वर्षांनी पगार सुरू होणं ही मोठी गोष्ट असते, आणि ती वाट निवडणाऱ्या मुलींना मी कधी कमी लेखलं नाही. तुझ्या घरची गरज तशी आहे का, हे आईबाबांनी तुझ्यासमोर मोकळेपणी बोलायला हवं.

पैशाचं बोलूया, कारण आईची खरी काळजी तीच आहे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खाजगी कॉलेजातल्या जागेलाही हे लागू आहे. मात्र प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला हवा. कॉलेज स्वतः भरतं त्या व्यवस्थापन कोट्यातून गेलीस की ही सवलत गेली. एजंटाला घाई का आहे ते आता तुझ्या लक्षात येईल. त्याने पक्की केलेल्या जागेचे पैसे चारही वर्षं बाबांच्या खिशातून जातील, आणि कदाचित तीच जागा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तुला फुकट मिळाली असती. यादी लागायच्या आधी कुणालाही एक रुपया देऊ नका. मूळ गुणपत्रिका तर कुणाच्याच हातात देऊ नका. हॉस्टेल, मेस, गणवेश आणि प्रवास यांचा खर्च माफीत येत नाही, तो कॉलेजला लेखी विचारून घे. काही ठिकाणी शिक्षणानंतर त्यांच्याच हॉस्पिटलात ठरावीक काळ नोकरी करण्याचा बॉण्ड लिहून घेतात. तो वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि बाबांनीही करायची नाही.

त्याच एजंटाने दुसऱ्या राज्यातलं कॉलेज सुचवलं, हजेरीची सक्ती नाही असं सांगितलं, तर फोन ठेवून दे. हजेरी न लावता मिळालेल्या नर्सिंगच्या कागदाला मी नर्सिंग म्हणत नाही.

मुंबईबद्दल मामाचं अगदीच चूक नाही. जे. जे.च्या आवारातलं सरकारी बीएस्सी कॉलेज तुझ्या गुणांत बसलं तर ते पहिल्या क्रमांकावर टाक, मी स्वतः तुला नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसवून देईन. पण नुसतं मुंबईचं नाव आहे म्हणून उपनगरातलं कुठलं तरी कॉलेज वर टाकू नकोस. तिथल्या हॉस्पिटललाही तेच प्रश्न विचार. आणि तुला घरापासून दूर राहवेल का, याचं उत्तर मामाने द्यायचं नाही, तू द्यायचं.

पसंतीक्रम भरताना मनापासून हवं ते वर लिही. "हे मिळणार नाही" म्हणून खाली ढकललेलं कॉलेज मिळायची शक्यता तू स्वतःच घालवतेस. आणि जिथे जायचंच नाही असं कॉलेज नुसती यादी लांब दिसावी म्हणून टाकू नकोस. नेमकं तेच लागलं तर पंचाईत होते. प्रत्येक फेरीची सूचना नीट वाच. मिळालेली जागा ठेवून पुढच्या फेरीत थांबता येतं का, त्यासाठी कोणता फॉर्म कधी भरायचा, जागा सोडली तर काय होतं, हे त्यात दिलेलं असतं. कॉलेजला परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता यंदाच्या वर्षाची आहे ना, तेही बघ.

राहिली वाट बघण्याची गोष्ट. जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला यांतलं काही अडकलं असेल तर उद्याच तहसीलला जा. दरवर्षी गुण असूनही दाखल्यापायी जागा गेलेल्या मुली बघते आणि फार वाईट वाटतं. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आत्ता सुरू कर. तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, आणि तू तर पहिल्याच वर्षी वॉर्डात जाणार आहेस. इंग्रजीची धास्ती तू लिहिली आहेस. पहिल्या सत्रात इंग्रजीचा विषय आहेच, पण खरी दमछाक शरीररचनेच्या शब्दांनी होते. रोज थोडे शब्द, आकृतीवर बोट ठेवून, मोठ्याने म्हणून पाठ कर. मराठी माध्यमाच्या मुली दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांच्या बरोबरीला येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि पेशंटशी तर तुला मराठीतच बोलायचंय. सुरगाण्याहून आलेल्या आजीला जिची बोली कळते ती नर्स लागते, ते तुझ्याकडे आजच आहे.

येत्या आठवड्यात हॉस्पिटलं बघायला निघालीस की आदल्या दिवशी फोन कर. मला जमलं तर निमाणीच्या बसस्टँडवर भेटू आणि आडगावला बरोबर जाऊ. येताना पसंतीक्रमाचा कच्चा कागद आण, पेन्सिलने लिहिलेला. बाबांनाही घेऊन ये, त्यांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहेत मला.

तुझी,
मावशी