निरोप समारंभाच्या जुन्या छायाचित्रातील मुलांची नावे कशी शोधावीत?

आपल्या गावच्या इतिहास संग्रहातील एका छायाचित्रावर ‘अकरावीचा वर्ग, निरोप समारंभ’ एवढेच लिहिलेले आहे, साल व नावे नाहीत, तरी ती कशी शोधावीत, असे आपण विचारले आहे. तालुक्याच्या वाचनालयात अशाच छायाचित्रांच्या नोंदी मी करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी साल ठरवावे. मुंबई प्रांतात मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठ घेत असे आणि तो वर्ग ‘इंग्रजी सातवी’ म्हणून ओळखला जाई. 1949 पासून अकरावीच्या शेवटी होणारी एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा सुरू झाली आणि पुढे ती दहावीला होऊ लागून 1975 मध्ये दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यामुळे अकरावीचा निरोप समारंभ साधारणपणे या दोन सालांच्या दरम्यानचा असणार. (विदर्भ व मराठवाडा तेव्हा वेगळ्या राज्यांत असल्याने तेथे 1949 चा हिशेब लागू पडत नाही.) पुढे मधल्या खुर्चीवरील मुख्याध्यापक ओळखावेत. बहुतेक जुन्या शाळांच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा कार्यकाळासह फलक असतो, त्यावरून शोध काही वर्षांपुरताच उरतो.

नावांसाठी शाळेचे जनरल रजिस्टर हाच खरा आधार. प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि आधीची शाळा हे सारे त्यात असते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये, कारण कित्येक मुलांची तारीख गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिलेली आढळते. परीक्षेच्या निकालाची यादीही छायाचित्राशी तंतोतंत जुळणार नाही. निरोप समारंभ परीक्षेपूर्वी होत असल्याने नापास झालेली मुलेही त्यात उभी असतात आणि त्यांची नावे गळता कामा नयेत, असे मला मनापासून वाटते.

मुलींचा शोध सर्वांत कठीण. रजिस्टरात माहेरचे नाव असते आणि गावात ती बाई सासरच्या नावाने, पुष्कळदा दुसऱ्याच गावी, राहत असते. येथे कागद थकतात. त्यांच्या भावांना, वर्गमैत्रिणींना विचारावे लागते आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, कारण 1960 साली अकरावीत असलेल्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत.

विचारायला जाताना मूळ प्रत नेऊ नये. मोठी छापील प्रत न्यावी आणि तिच्यावर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा. ‘खाली बसलेले’, ‘खुर्चीवर’, ‘उभे, पहिली रांग’ अशी डावीकडून नोंद करून प्रत्येक नावापुढे ते कोणी व कधी सांगितले हे लिहावे. दोघांनी वेगळी नावे सांगितली, तर दोन्ही ठेवावीत. मूळ छायाचित्र पुठ्ठ्यापासून सोडवू नये आणि त्याला लॅमिनेशन तर कधीच करू नये. रजिस्टरातील जातीची नोंद संग्रहाच्या नावांच्या यादीत उतरवू नये.

कडेला उभा असलेला शिपाई बहुतेक याद्यांतून सुटतो. त्याचे नाव विद्यार्थ्यांच्या रजिस्टरात मिळणार नाही. त्यासाठी त्या वर्षांची पगारपत्रके व कर्मचाऱ्यांचे हजेरीपत्रक पाहण्याची परवानगी शाळेकडे मागावी.