सुट्टीत फिरायला भाड्याची गाडी घ्यावी, टॅक्सी करावी की बस-ट्रेनवर भागवावं?

तुम्ही चौघं आहात, पहिले चार दिवस मोठ्या शहरात आणि पुढचे चार डोंगराळ गावात. आठही दिवसांसाठी गाडी घेतली तर रोजचा दर कमी पडतो, म्हणून मन तिकडे झुकतंय. त्या दराला भुलू नका. मी भुललो होतो. सात दिवसांसाठी घेतलेली गाडी जेमतेम तीन दिवस चालली. बाकीचे दिवस ती पार्किंगचे पैसे खात उभी होती आणि आम्ही मेट्रोने हिंडत होतो.

शहरात बस-मेट्रोच बरी. दिवसभराचा पास घेण्याआधी मात्र फेऱ्या मोजा. मुक्काम मध्यवस्तीत असेल तर निम्मी ठिकाणं पायीच होतात. जवळच्या अंतराला चार तिकिटं आणि एक टॅक्सी यांत कधीकधी फारसा फरकही राहत नाही. सामान घेऊन हॉटेल गाठायचं असेल किंवा रात्री उशीर झाला असेल, तर मी सरळ टॅक्सी करतो. बॅगा घेऊन स्टेशनचे जिने चढण्यात कसली आलीय बचत!

गाडी घ्या ती शहर सोडायच्या सकाळी, जमलं तर शहरातल्या शाखेतून. विमानतळावर बऱ्याचदा वेगळा अधिभार लावतात. शाखा सुट्टीच्या दिवशी उघडी असते का, तेवढं विचारून ठेवा. डोंगरातल्या गावांना बस मोजक्याच असतात, शेवटची लवकर सुटते, आणि टॅक्सीवाला रिकामं परतायचं भाडंही तुमच्याकडूनच घेतो. तिथे स्वतःची गाडी हवीच.

खरी गोम काउंटरवर कळते. अनामत म्हणून क्रेडिट कार्डवर मोठी रक्कम अडकवून ठेवतात, आणि कार्ड सहसा चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान आपल्याच खिशातून जातं; टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा विम्यात धरलेलाच नसतो. मागच्या बंपरवरचा एक ओरखडा आधीपासूनचा आहे, हे मला सिद्ध करता आलं नाही, कारण फोटो काढले होते ते फक्त पुढून. पैसे भरले. आता चारही बाजू, चाकं आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ काढल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही.

परदेशात जात असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्याच देशात काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. काही देश १९४९ च्या जिनिव्हा करारातला परवाना मानतात, काही १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. आपला कुठला, ते आधी बघा.

आणि चालवणार कोण, हे आजच ठरवा. वळणावळणाच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला डोंगर दिसत नाही, पुढच्या गाडीची मागची बाजू दिसते. चौघांत एकच जण चालवणारा असेल आणि तोही कुरकुरत असेल, तर गावातल्या चारपैकी दोन दिवस चालकासह गाडी ठरवा आणि उरलेले दोन गावातच पायी भटका.