एरर शेवटपर्यंत वाच

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा स्क्रीनशॉट पाहिला आणि खरं सांगतो, आधी राग आला. निम्मी एरर कापलेली, आणि खाली तुझा मेसेज: 'सर, चार वेळा पासवर्ड बदलला, मायएसक्यूएल काढून पुन्हा टाकलं, तरी कनेक्ट होत नाही.' मायएसक्यूएल म्हणजे तुझा डेटाबेसच; तो काढूनही डेटा वाचला हे नशीब! पूर्ण ओळ मागवली, तर उत्तर नेमकं कापलेल्या भागात.

'१०४५, ॲक्सेस डिनाइड फॉर युजर रूट ॲट लोकलहोस्ट, युजिंग पासवर्ड: नो.'

म्हणजे याच मशीनवरून आलेल्या 'रूट' या मुख्य युजरला प्रवेश नाकारला. तो शेवटचा 'नो' वाच. पासवर्ड चुकला असता तर तिथे 'येस' असतं. 'नो' म्हणजे तुझ्या पीएचपी स्क्रिप्टने पासवर्ड दिलाच नाही. मग तो चार वेळा बदलून काय होणार होतं? आणि नाव रूट, पासवर्ड रिकामा, ही जोडी कुठली? तुझ्या लॅपटॉपवरच्या झॅम्पची, त्या सरावाच्या सर्व्हर-संचाची. स्क्रिप्ट अजून तेच नाव-पासवर्ड लिहिलेली जुनी कॉन्फिग फाइल उचलतेय. डेटाबेस ठणठणीत आहे, त्याने तुला ओळखलं नाही इतकंच. तो बंद असता तर १०४५ऐवजी २००२ हा एरर-नंबर आला असता. त्यातही पुढचे शब्द वाचायचे. 'नो सच फाइल' असेल तर सॉकेट, म्हणजे त्याच मशीनवर डेटाबेसशी बोलायची फाइल, सापडत नाहीये, कारण लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की पीएचपी सॉकेट फाइल शोधते आणि त्याच मशीनचा आकड्यांतला पत्ता १२७.०.०.१ लिहिला की ३३०६ पोर्टवर, म्हणजे डेटाबेसच्या नेटवर्कच्या दारावर जाते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये. आकडा एकच, दुखणी वेगळी.

हे मला कुणी शिकवलं नाही. एका पतसंस्थेचं काम होतं, मार्चअखेर. पानावर वॉर्निंग दिसू नये म्हणून मी डेटाबेसशी जोडणाऱ्या मायएसक्यूएल-कनेक्ट या आज्ञेआधी '@', हे पीएचपीतलं एरर दाबणारं चिन्ह, लावून ठेवलेलं. पान कोरं यायचं. मी सर्व्हर रीस्टार्ट करायचो, तासभर चालायचं, पुन्हा कोरं. दोन दिवस तिथल्या बाई हाताने पावत्या फाडत होत्या, रांग दारापर्यंत, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते अजून टोचतं. शेवटी '@' काढला आणि समोर आलं: 'टू मेनी कनेक्शन्स.' म्हणजे एकाच वेळी जोडण्या फार झाल्या. तीन शब्द. मीच त्यांचं तोंड दाबून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी एरर आधी वहीत उतरवतो, मग कीबोर्डला हात लावतो. ऑफिसात मला सावकाश म्हणतात. म्हणू देत. पावत्या फाडणाऱ्या त्या बाई त्यांनी पाहिलेल्या नाहीत. घाईने बदललेल्या दहा गोष्टी निस्तरायला जो वेळ जातो, तो कुणी मोजत नाही. तुला समज आहे, मेहनत आहे, फक्त वाचायच्या आधी तुझी बोटं धावतात. माझीही धावायची.

आज एवढंच कर. कोणती कॉन्फिग फाइल उघडली जातेय, तिचा पूर्ण पाथ छापून बघ. मग स्वतंत्र युजर तयार कर, रूट नको. नवी एरर आली तर फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठव, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्यात पासवर्ड आला असेल तर तेवढा झाक.