नाताळच्या जेवणाला घरचे पाव: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोरपोतेल आणि विंदालू ही मांसाची आंबट-तिखट कालवणं दोन-तीन दिवस आधी करून ठेवले की मुरतात, आणखी चविष्ट होतात. पाव मात्र त्याच दिवशीचा हवा. नाताळच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांतले बरेचसे एकाच कारणाशी येऊन थांबतात: उन्हाळ्यात जमलेलं वेळेचं गणित डिसेंबरातही तसंच लावलं जातं.

मे महिन्यात याच मापाने पाव छान झाले होते. परवा केले तर खाली घट्ट आणि कडेला तडकलेले. यीस्ट नवीन पाकिटातलं होतं. (पुणे)

यीस्टचा दोष नाही. कणीक पुरती फुगण्याआधीच पाव ओव्हनमध्ये गेले. अर्धवट फुगलेली कणीक उष्णता लागताच झपाट्याने वाढते, तोवर वरची साल धरलेली असते आणि मग ती कडेने फाटते. तळाला जाळी पडायला वेळच मिळत नाही.

आधी माप बघा. मैदा 500 ग्रॅम, पाणी 320 ग्रॅम, दूध पावडर 20, साखर 25, मीठ 9, इन्स्टंट यीस्ट 5 आणि लोणी 30 ग्रॅम. वाटीने मोजू नका. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत इतका फरक पडतो की पाण्याचं प्रमाणच बिघडतं.

आता थंडीचं गणित. मळून झालेली कणीक 26 अंशांच्या आसपास हवी. 26 ची तिप्पट 78. त्यातून मैद्याचं आणि खोलीचं तापमान वजा करा. दोन्ही 20 असतील तर पाणी 38 अंशांचं, म्हणजे मनगटावर जेमतेम कोमट लागेल असं. त्याहून फार गरम नको, 55 अंशांच्या पुढे यीस्ट मरू लागतं. लोणी सोडून सगळं एकत्र करून पाच मिनिटं मळा, मग लोणी घालून आणखी आठ-दहा मिनिटं. लोणी घातल्यावर कणीक क्षणभर फिसकटल्यासारखी, चिकट होते. तिथे घाबरून सुका मैदा टाकला की पाव कोरडे झालेच म्हणून समजा. मळत राहा, ती पुन्हा एकजीव होते. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणून बघा. पापुद्रा न फाटता त्यातून उजेड दिसला की मळणं पुरे.

28 अंशांना तासाभरात दुप्पट होणारी कणीक 20 अंशांना दोन ते अडीच तास घेते. म्हणून घड्याळ बाजूला ठेवा. 75 ग्रॅमचे 12 गोळे करून 9 बाय 13 इंचांच्या साच्यात थोडं थोडं अंतर सोडून मांडा. पुन्हा फुगून ते एकमेकांना टेकले की मैद्यात बुडवलेल्या बोटाने एक गोळा हलकेच दाबा. खळगा टुणकन वर आला तर थांबा. सावकाश, अर्धाच भरून आला तर लगेच ओव्हनमध्ये. तसाच राहिला तर उशीर झालाय, असे पाव भाजताना बसतात आणि त्यांना आंबूस वास येतो.

190 अंशांवर 18 ते 20 मिनिटं भाजा. आधी वरून दुधाचा हात, बाहेर काढल्यावर लोण्याचा, आणि लगेच स्वच्छ सुती कापड झाका. आतली वाफ सालीत शिरते आणि लादी लुसलुशीत राहते.

24 च्या रात्री मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), 25 ला दुपारी एकला पंधरा माणसं जेवायला. पाव केव्हा करायचे? (वसई)

रात्री कणीक, सकाळी भाजणं. वरच्याच मापात यीस्ट 3 ग्रॅम करा आणि पाणी साधं घ्या. रात्री आठला मळा, पाऊण तास ओट्यावर ठेवा, मग तेलाचा हात लावलेल्या पसरट डब्यात चपटी करून फ्रिजमध्ये. गोळा तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि सकाळपर्यंत आंबून जातो. डबा कणकेच्या अडीचपट तरी मोठा हवा.

सकाळी साडेआठला बाहेर काढून गार असतानाच गोळे वळा. गार कणीक हाताला चिकटत नाही, गोळे देखणे होतात. वसईच्या हवेत दुसऱ्यांदा फुगायला दोन तास धरा. अकराला ओव्हनमध्ये, साडेअकराला बाहेर. पंधरा जणांना एक लादी पुरणार नाही. दोन हव्यात, आणि ओव्हनमध्ये एकच मावत असेल तर दुसरीची कणीक फ्रिजमधून अर्ध्या तासाने काढा.

पोळीच्या पिठाची पोई (गोव्याचा कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव) करून बघितली. फुगलीच नाही, जाड भाकरीसारखी झाली. पूर्वी सूर (माडाची ताडी) घालत, ती हवीच का? (मडगाव)

सुरेतलं नैसर्गिक यीस्ट कणीक फुगवतं आणि चवही देतं. पण तिचा जोर रोज वेगळा असतो, म्हणून वेळ सांगता येत नाही. यीस्टने पोई व्यवस्थित होते.

निव्वळ गव्हाच्या पिठात कोंडा ताणलेल्या पापुद्र्याला भोकं पाडतो आणि हवा निसटते. अर्धं गव्हाचं पीठ, अर्धा मैदा घ्या: 250 आणि 250 ग्रॅम, पाणी 335, मीठ 9, यीस्ट 5. पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास नुसतं ठेवा, कोंडा भिजून मऊ पडतो. मग मीठ, यीस्ट घालून मळा. दुप्पट झाल्यावर 85 ग्रॅमचे गोळे, कोंड्यात घोळवून पाऊण सेंटिमीटर जाडीचे चपटे करा आणि कापडाखाली अर्धा तास ठेवा.

पोकळी वाफेने होते, त्यासाठी खालून एकदम ताव लागतो. जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये 250 अंशांवर अर्धा तास तापवून पोई थेट त्यावर सोडा. सात-आठ मिनिटं पुरतात. थंड ट्रेवर ठेवलेली पोई सहसा फुगत नाही. उघड्यावर राहून साल सुकली किंवा उचलताना फाटली, तरी वाफ निघून जाते.

ओव्हन नाही. फुगे (यीस्टच्या कणकेचे तळलेले गोल पाव) करायचे आहेत, पण गोल येत नाहीत. (विरार)

उत्तम बेत, विंदालूबरोबर फुग्यांना तोड नाही. मैदा 500 ग्रॅम, 2 अंडी, जाड नारळाचं दूध 150 मिली, साखर 25, मीठ 8, यीस्ट 5 ग्रॅम आणि लागेल तसं 125 ते 150 मिली कोमट पाणी. कणीक सैल, चिकट हवी. ती पोळीच्या कणकेसारखी घट्ट केली की फुगे वेडेवाकडे होतात. हाताने फेटून दुप्पट होऊ द्या.

डाव्या मुठीत कणीक घेऊन मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून बोराएवढा गोळा वर येईल. पाण्यात बुडवलेल्या उजव्या बोटांनी तो तोडून तेलात सोडा. बोटं प्रत्येक वेळी ओली करा, नाहीतर शेपूट राहतं. तेल मध्यम, 170 अंशांच्या आसपास. कडकडीत तेलात बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात.

कॅनडात ब्रेड फ्लावर मिळतं. त्याचे पाव चिवट होतात. (टोरंटो)

त्यात प्रथिनं जास्त असतात. त्याऐवजी ऑल-पर्पज फ्लावर घ्या, किंवा पाणी 25 ग्रॅम आणि लोणी 15 ग्रॅम वाढवा. कणीक फुगायला बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

उरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी खडखडीत. (नाशिक)

फ्रिजच्या थंडाव्यात पिठातला स्टार्च सर्वांत लवकर ताठरतो. एक दिवस डब्यात बाहेर ठेवा. जास्त दिवसांसाठी गार झाल्याबरोबर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये. खायच्या आधी पाण्याचा शिपका मारून, फॉइलमध्ये गुंडाळून 160 अंशांवर दहा मिनिटं, गोठलेले असतील तर पंधरा.