पहिल्या वाढदिवसाआधी

नमस्कार काका,

तुमच्या चार पानी पत्रातली जवळजवळ सगळी जागा नातवाने घेतली आहे. मुलगा-सून बारा वर्षं टोरोंटोजवळ मिसिसागात, दोघांचे पासपोर्ट भारतीय, तिकडचं पीआर (कायमचं राहण्याचा परवाना) आहे पण नागरिकत्व घेतलेलं नाही. नातू आठ वर्षांचा, जन्म तिकडचा, कॅनडाचा पासपोर्ट आणि २०१९ चं ओसीआय कार्ड (मूळचे भारतीय, पण नागरिक परदेशाचे, अशांना भारत देतो ते). आता सगळं आवरून कायमचं पार्ल्याला यायचं ठरलं आहे, आणि तुम्ही विचारता की आईवडील दोघंही भारतीय असताना नातू आपोआप भारतीय नाही का? हाच प्रश्न मला कधी दुबईहून येतो, कधी न्यू जर्सीहून, आणि बऱ्याचदा तुमच्यासारख्या इथल्या आजीआजोबांकडून. त्या प्रश्नाकडे मी पुढे येते.

पण मी थांबले ते तुमच्या शेवटच्या दोन ओळींवर. "धाकटी नात साडेदहा महिन्यांची आहे. तिचा पहिला वाढदिवस इथेच हॉल घेऊन करायचा आहे, तेव्हा तिच्या कॅनेडियन पासपोर्टचा फॉर्म भरून तयार आहे, या आठवड्यात पाठवतील."

काका, तो फॉर्म जाऊ देऊ नका. निदान मुलाने आणि सुनेने हे उत्तर वाचेपर्यंत तरी.

नातवाचं जे व्हायचं ते २०१९ च्या आधीच होऊन गेलं आहे. नातीचं अजून तुमच्या हातात आहे, आणि त्याला साधारण सहा आठवडे उरलेत. ज्या दिवशी तुम्ही हॉल घेतलाय, त्याच दिवशी कायद्याने दिलेली मुदत संपते.

आता कारण. तुम्ही लिहिलंय की तुमची पुतणी १९८८ मध्ये मस्कतला झाली, तिच्या वेळी वर्षाच्या मुदतीचं कुणी नावही काढलं नाही. बरोबर आहे. तेव्हाच्या कायद्यात वडील भारतीय असले की बाहेर जन्मलेलं मूल भारतीय होत असे. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही एक भारतीय असलं की पुरे झालं. अनेक घरांत कायद्याची माहिती इथेच थांबली आहे. पण २००३ च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली, नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४ ला एक परंतुक, म्हणजे अट, जोडलं. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली नाही, तर ते मूल या कलमाखाली भारताचं नागरिक होतच नाही. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक अट: मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून दिल्याशिवाय ही नोंद करायचीच नाही.

नोंद म्हणजे ओंटारिओ प्रांताने दिलेला जन्मदाखला नव्हे. हा गैरसमज मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता ऐकताना जीव तुटतो. दाखला आहे, त्यावर आईबापांची नावं आहेत, मग झालं, असं लोक समजतात. तो दाखला कॅनडासाठी. भारतासाठी वेगळा अर्ज टोरोंटोच्या भारतीय वकिलातीकडे करावा लागतो, आणि तो न केलेल्या मुलाचे आईवडील, चारही आजीआजोबा आणि आडनाव भारतीय असूनही ते मूल भारतीय नसतं.

इथे एक बारीक फरक आहे आणि तुमच्या नातीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कॅनडात जन्मली म्हणून ती जन्मतःच कॅनडाची नागरिक आहे. तो तिकडचा कायदा, त्यात आईवडिलांनी काही केलेलं नाही. आपल्या कायद्याला एवढं चालतं. कलम ४ च्या पोटकलम (१क) मध्ये अशा मुलांचा विचार केलेला आहे: अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेपर्यंत दोन्हीकडचं नागरिकत्व राहू शकतं, मात्र सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय जातं. कायद्याला चालत नाही तो पासपोर्ट. तिकडचं नागरिकत्व असणं आणि तिकडचा पासपोर्ट काढणं या दोन गोष्टी आपण बोलताना एक समजतो, परंतुक तसं समजत नाही. फॉर्म गेला, पासपोर्ट हातात आला, की ते घोषणापत्र खरेपणाने देताच येत नाही. आणि खोटं घोषणापत्र देण्याचा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर त्या माणसाला दारात उभं करू नका. खोटी माहिती देऊन घेतलेली नोंद पुढे तिच्याच अंगावर येईल, तुमच्या नव्हे.

ही नोंद करावीच, असं मी डोळे झाकून सांगत नाही. तिचीही किंमत आहे. नोंद करून भारतीय पासपोर्टवर ती मुंबईला आली, आणि महिन्याभराने तुमच्या मुलाने बेत बदलला, तर परतीचा रस्ता अवघड आहे. नोव्हेंबर २०१६ पासून कॅनडा आपल्या नागरिकांना, त्यांच्याकडे दुसरा पासपोर्ट असला तरी, विमानाने यायला कॅनडाचाच पासपोर्ट मागतो. तो काढला की इथलं घोषणापत्र मोडलं. म्हणून मुलाला आणि सुनेला एकच प्रश्न विचारा: खरंच कायमचं येताय, की दोन वर्षं बघून ठरवणार? उत्तर पहिलं असेल तर आधी वकिलातीतली नोंद, मग भारतीय पासपोर्ट, मग तिकीट. उत्तर दुसरं असेल तर कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय घेणं हाही शहाणा निर्णय ठरू शकतो. मात्र तो निर्णय असावा. हॉलच्या तारखेच्या घाईत आपोआप घडलेली गोष्ट नसावी. नातवाच्या वेळी तेच झालं. तुम्हीच लिहिलंय, "तेव्हा लग्नाला यायचं होतं म्हणून पटकन पासपोर्ट काढला." एका लग्नापायी.

आता नातू. त्याच्या जन्माची वकिलातीत नोंद झालेली नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो कधीच भारतीय नागरिक नव्हता. हे वाचून तुम्हाला त्रास होईल, पण पुढचा प्रत्येक सल्ला यावरून तपासायचा आहे. तुमच्या ओळखीच्या एजंटाने सांगितलं की अठराव्या वर्षी ‘परत घेता येतं’. ती सोय कलम ८ मधली आहे, आणि ती ज्यांच्या आईवडिलांनी स्वतः घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडलं, त्या मुलांसाठी आहे. तिचा अर्थ ताणून लावायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या नातवाकडे परत घ्यायला आधी काही असायला हवं होतं.

कॅनडाचा पासपोर्ट परत करून उशिराच्या नोंदीची परवानगी मागावी का? अर्ज करायला कुणी अडवणार नाही. पण सात वर्षांचा उशीर आणि ओसीआय कार्ड, म्हणजे तो परदेशी नागरिक आहे असं आईवडिलांनीच सही करून सरकारला सांगितलेलं. मी भरवसा देणार नाही. कलम ५(१)(घ) खाली भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलाची नोंदणी होऊ शकते. तुमच्याकडे तो अर्ज वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे दिल्लीला जाईल. तिथे गाठ अशी पडते की भारताला दुसरं नागरिकत्व सुटलेलं हवं आणि कॅनडा अठरा वर्षांखालच्या कुणालाही नागरिकत्व सोडू देत नाही. या गाठीतून एखाद्याची वाट निघणं अशक्य म्हणत नाही, पण तुम्ही त्यावर शाळेचं वर्ष बेतू नका.

त्याच्यासाठी मला जास्त पक्की वाट दिसते ती कलम ५(१)(छ) ची: ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंदणी आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असलेली सज्ञान व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. तो इथेच वाढला तर अठराव्या वर्षी हे दोन्ही त्याच्याकडे असेल, आणि तेव्हा तो कॅनडाचं नागरिकत्वही स्वतः सोडू शकेल. तोवर त्याचं ते २०१९ चं कार्ड जिवापाड सांभाळा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतं मर्यादित केलं. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ ला ठरवलं की हा नियम ४ मार्च २०२१ नंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू. नातवाचं कार्ड आधीचं आहे. नवा पासपोर्ट आला की ऑनलाइन नोंद अद्ययावत करा, आणि मूळ कार्ड मिळाल्याच्या तारखेचा पुरावा वेगळा जपून ठेवा. नातीचं ओसीआय आता काढलंत तर तिला हा फायदा मिळणार नाही. तिच्या बाबतीत निर्णय करताना हेही तराजूत घाला.

गुहागरची वाडी नातवंडांकडे कशी जाणार, ही काळजी सोडा. शेतजमीन ओसीआयला विकत घेता येत नाही, पण वारशाने यायला नागरिकत्व आड येत नाही. मृत्युपत्र मात्र करा, तेही या वर्षी.

"मुदत चुकलीच तर हायकोर्ट आहे ना," असंही तुम्ही लिहिलंय. आहे. पण माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात बाळाला एक वर्ष आणि अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांसाठी आईने पानंच्या पानं प्रतिज्ञापत्र केलं, फाईल दिल्लीत पडून राहिली, शेवटी हायकोर्टात रिट याचिका केली. तारखा पडत गेल्या. अखेर आदेश मिळाला तो एवढाच की सरकारने अर्जावर ठरावीक आठवड्यांत निर्णय घ्यावा. बहुतेक वेळा कोर्टाकडून मिळतं ते इतकंच. परवानगी देणं न देणं सरकारच्याच हातात राहतं. मूल तोवर चालायला, बोलायला लागलं होतं आणि कुठल्याच देशाचा पासपोर्ट न काढता आईवडील वाट बघत होते. मला तुमच्या सुनेला त्या रांगेत बघायचं नाही.

नातीच्या नोंदीचा अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरून वकिलातीत द्यायचा असतो. आईवडिलांची नावं असलेला सविस्तर जन्मदाखला लागतो. नुसतं बाळाचं नाव असलेला सहसा चालत नाही, आणि तुमच्याकडे तोच असेल तर दुसरा मागवण्यातच काही आठवडे जातात. म्हणून आधी तो शोधायला सांगा. दोघांचे भारतीय पासपोर्ट, विवाहाचं प्रमाणपत्र, आणि ते घोषणापत्र दोघांच्या सह्यांनी. बाकी कागद वकिलातीच्या ताज्या यादीवरून घ्या, ती बदलत असते. अर्ज मुदतीच्या आत दिल्याची पावती हवी, नुसती भेटीची वेळ मिळाली म्हणून निश्चिंत राहू नका.

आज रात्री आठच्या सुमारास फोन लावा, तिकडे सकाळ असते. पहिलं वाक्य पासपोर्टच्या फॉर्मबद्दल बोला, वाढदिवसाचं नंतर. आणि कागद लागेपर्यंत पार्ल्याच्या हॉलवाल्यांना तारीख दोन-तीन महिने पुढे मिळते का, ते विचारून ठेवा.