आठवड्याला मटण किती, मासे किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या महिन्यात या सदरात मी एक विनंती केली होती: चार आठवडे घरात मटण, चिकन, मासे, अंडी कधी आणि किती आणली, हे एका वहीत लिहून ठेवा. अनेकांनी मनापासून लिहिलं. काहींनी तर कुणी किती फोडी खाल्ल्या तेही नोंदवलं. त्या पत्रांमधले काही प्रश्न आज घेते.

आम्ही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतो. बुधवारी अंडी किंवा मासे, शुक्रवारी चिकन, रविवारी किलोभर मटण. घरात चार माणसं. हे जास्त होतं का? (वाचक, चिपळूण)

तुमच्या घरात नाही. हिशेब सांगते, म्हणजे इतरांनाही आपापला करता येईल.

जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्था सांगते की लाल मांस, म्हणजे बकऱ्याचं, मेंढीचं, डुकराचं, गुरांचं मांस, आठवड्यातून तीनेक वेळांपेक्षा जास्त नको, आणि सगळं मिळून माणशी ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत असावं. हे वजन शिजवलेल्या, बिनहाडाच्या मांसाचं आहे. खाटकाकडून आपण हाडासकट आणतो, त्यामुळे इथेच गोंधळ होतो. गेल्या रविवारी मी पुढच्या पायाचं आणि चापांचं मिळून किलोभर मटण शिजवलं, नळ्या आणि हाडं सोडवली आणि उरलेलं मांस काट्यावर ठेवलं. अर्ध्या किलोच्या आसपास भरलं. हाडं जातात, आणि शिजताना पाणी आणि चरबी सुटून मांस आटतं. म्हणजे तुमच्या किलोचे चार वाटे केले तर माणशी सव्वाशे ग्रॅम मांस पडतं. चिकन आणि मासे या मर्यादेत मोजायचेच नाहीत.

वार पाळण्यामागे श्रद्धा आहे, आहारशास्त्र नाही. तरीही त्यातून आठवड्याला आपोआप एक माप मिळतं. ते माप मोडतं ते जत्रेला, हळदीला आणि आषाढी अमावस्येला. एकाच बैठकीत अर्धा-अर्धा किलो संपवणारे पुरुष माझ्याकडे दुसऱ्या दिवशी पोट धरून येतात. श्रावणात महिनाभर बंद म्हणून आदल्या दिवशी भरून घेता येत नाही. शरीर प्रथिनांचा असा साठा करून ठेवत नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवते. बुधवारी अंडी आणि मासे यांत निवड करायची असेल तर निदान दोन बुधवारांआड एकदा तरी मासे आणा. तुम्ही चिपळूणला राहता, तारली आणि बांगडा तुमच्या दारात येतो.

वय ३८, हिमोग्लोबिन ९.१. डॉक्टर म्हणतात मटण, कलेजी खा. आमच्याकडे दर रविवारी मटण असतंच, तरी रक्त वाढत नाही. असं का? (वाचक, सातारा जिल्हा)

ताई, तुमची वही मी तीनदा वाचली. त्यात तुम्ही लिहिलंय: "सासरे ५ फोडी, हे ६, मुलगा ५, मुलगी ३, मी रस्सा आणि भाकरी." चारही रविवारी शेवटची ओळ तीच आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे. मटण घरात शिजतं, तुमच्या ताटात येत नाही. रश्श्यात चव उतरते, चरबी उतरते, मीठ-मसाला असतो. लोह आणि प्रथिनं मुख्यतः फोडीतच राहतात. तर्री कितीही लाल दिसली तरी तो रंग तिखटाचा आहे.

आणि लोहाची गरज सर्वांत जास्त तुम्हालाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येत असलेल्या स्त्रीला २९. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवायला बसायची पद्धत हे त्यातलं एक आहे, असं मी तीस वर्षं ताटं पाहून ठामपणे सांगते.

मांसातलं लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा बरंच सहज शोषतं. शिवाय मांसाच्या दोन फोडी सोबत असल्या की त्याच जेवणातल्या बाजरीच्या भाकरीतलं आणि पालेभाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं. त्यामुळे तुम्हाला खूप नको, पण तुमच्या वाटणीचं हवंच. पातेलं बाहेर न्यायच्या आधी स्वयंपाकघरातच पाच वाट्या भरा, प्रत्येकीत सारख्या फोडी घाला आणि तुमची वाटी झाकून बाजूला ठेवा. सगळे एकत्र बसलात तर फारच चांगलं. महिन्यातून दोनदा १०० ग्रॅम कलेजी आणा. वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या, कारण चहा लोह शोषू देत नाही.

९.१ हा आकडा मात्र जेवणावर सोडून देण्यासारखा नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने पूर्ण घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंत आहेत का, हेही तपासून घ्या. आणि हे उत्तर घरी मोठ्याने वाचून दाखवा. पुरुषांनी ऐकावं म्हणूनच ते इतकं सविस्तर लिहिलं आहे.

मी २४ वर्षांचा आहे, वजन ७० किलो, जिमला जातो. ट्रेनर रोज एक किलो बोनलेस चिकन खायला सांगतो. खाऊ का? (वाचक, पिंपरी)

नको. एक किलो कच्च्या बोनलेस चिकनमध्ये २०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. म्हणजे तुला ११० ग्रॅमच्या आसपास लागतील. त्यावरचं स्नायूंत जात नाही, इंधन म्हणून जळतं किंवा चरबी होऊन बसतं.

२५० ग्रॅम चिकन, तीन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ आणि पोळ्या-भाकऱ्या, एवढ्यात तुझं भागतं, आणि महिन्याला बरेच पैसे वाचतात. तू लिहिलंस की चिकन सुरू केल्यापासून भाकरी, डाळ, भाजी सोडलीस आणि पोट साफ होत नाही. ते होणारच. चिकनमध्ये चोथा नसतो. आधी भाजी-भाकरी परत सुरू कर.

गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, आम्हाला फार आवडतात. प्रक्रिया केलेल्या मांसाने कर्करोग होतो म्हणतात. सोडून द्यायचे का? (वाचक, म्हापसा)

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेलं, धुरवलेलं, टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच गटात तंबाखू आहे म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही. त्यांनी दिलेला आकडा असा: रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. रोज, हा शब्द लक्षात ठेवा. चोरीस-पाव सणाला, पाहुणे आले की, महिन्यातून एखाद वेळ असू द्या. मला जास्त काळजी मुलांच्या डब्यात रोज जाणाऱ्या सॉसेज आणि सलामीची वाटते. तिथे उकडलेलं अंडं द्या.

पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात मासे उष्ण, खाऊ नकोस. आई म्हणते खा, बाळ हुशार होतं. कुणाचं ऐकू? (वाचक, अलिबाग)

आईंचं ऐका, पण सासूबाईंची काळजीही अगदी वाऱ्यावर सोडू नका. कोणता मासा खायचा, हे गरोदरपणात पाहावंच लागतं.

बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना जी ओमेगा-३ चरबी लागते ती माशांत असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे की गरोदर स्त्रीने आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम मासे खावेत, मात्र कमी पारा असलेले. पारा मोठ्या शिकारी माशांच्या अंगात साठत जातो, कारण ते आयुष्यभर लहान मासे खातात. म्हणून मुशी या दिवसांत नकोच. मोठ्या सुरमईच्या आणि कुप्याच्या तुकड्याही टाळा. तारली, बांगडा, मांदेली, ओले बोंबील, मुडदुशी हे बिनधास्त खा. आणि हे मासे स्वस्तही असतात. बाजारात कोळीण मांदेलीचा वाटा लावून बसते तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवून सुरमईकडे जाणाऱ्या बायका मी रोज पाहते, आणि मला वाईट वाटतं. ओमेगा-३ बघायचं तर तारली त्या सुरमईला हार जाणारी नाही.

कोलंबी, खेकडे, तिसऱ्या चालतील, पण ताज्या आणि पूर्ण शिजलेल्या. कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या खाडीतल्या शिंपल्या, कालवं नकोत. कलेजीही या महिन्यांत टाळा, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. तळण्याऐवजी कोकम घालून कालवण केलंत तर सासूबाईंनाही ते पटेल. आमसूल थंड, हे त्यांनाही मान्य असतं.

युरिक अॅसिड ८.२ आलं. दुखत काही नाही. सगळं नॉनव्हेज बंद करू? (वाचक, नाशिक)

सगळं नको. पायाचं सूप, कलेजी, वजरी, भेजा आणि तारली, कोलंबी हे थांबवा. चिकन किंवा साधा मासा आठवड्यातून दोनदा, तळहाताएवढा. त्याआधी बिअर आणि गोड शीतपेयं बंद करा. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख अगदी शेवटी, कंसात केला आहे, पण तीच पहिली जायला हवीत. पाणी भरपूर प्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

मुलगी १५ वर्षांची. कोंबडी कापताना पाहिली आणि मटण-चिकन सोडलं. आमच्या घरात तांबडा-पांढरा म्हणजे जीव की प्राण. तिला अशक्तपणा येईल का? जबरदस्ती करू? (वाचक, कोल्हापूर)

जबरदस्ती अजिबात करू नका. कुणी सांगितलं म्हणून तिने सोडलेलं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सोडलंय. त्या वयात एवढा निश्चय करणाऱ्या मुलीला ताटावर रडवू नये. पांढऱ्या रश्श्यात फोडी नाहीत म्हणून तो तिला वाढू नका, तो मटणाच्याच पाण्याचा आहे हे तिला ठाऊक आहे. तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल.

तिला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, दोन जेवणांत वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, दही आणि ज्वारीची भाकरी, यात ती भागतात. अंडं चालतं का, हे तिलाच विचारा. अनेक मुली मांस सोडतात पण अंडं खातात. खरी जपायची गोष्ट आहे ब-१२ जीवनसत्त्व. ते झाडपाल्यातून मिळत नाही. दूध-दही रोज असलं पाहिजे, आणि वर्षातून एकदा रक्तात ब-१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. कमी आलं तर गोळी आहे.

रविवारी तिच्यासाठी वेगळं काहीतरी करा आणि तेही त्याच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करा. अख्खा मसूर त्या वाटणात सुरेख लागतो. तिला पंगतीत एकटं वाटता कामा नये.

वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुक्या मासळीवरच जेवण जातं. मुलगा म्हणतो सुकं बंद. मग खाऊ काय? (वाचक, मालवण)

काका, सगळं सुकं एका माळेत ओवू नका. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि तेव्हा सुकी मासळीच आपल्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या प्रथिनं पुरवत आली आहे. ती बंद केली तर तुम्ही पेज आणि लोणच्यावर राहाल, आणि लोणच्यात मीठ काय कमी असतं?

वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, उन्हात वाळवलेले बोंबील सहसा मीठ न लावता सुकवतात. जवळा, करदीही बरीच बिनमिठाची मिळते. जवळा सालासकट खातो, त्यामुळे त्यात चुना, म्हणजे कॅल्शियमही भरपूर, तुमच्या हाडांना तो हवाच आहे. त्रास आहे तो खाऱ्या बांगड्याचा आणि मिठात मुरवलेल्या मोठ्या माशांच्या तुकड्यांचा. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढीच तुमची मर्यादा. खाऱ्या बांगड्याची एक तुकडी त्यातला मोठा भाग खाऊन टाकते. तो या वयात सोडलेला बरा.

जवळा घेताना दोन-चार काड्या तोंडात टाकून बघा, खारट लागला तर परत ठेवा. घरी आणल्यावर कोरडाच भाजून घ्या, मग दोन पाण्यांतून धुवा, कांदा-कोकम घालून परता, आणि वरून मीठ घालू नका. एका माणसाला सुक्या जवळ्याची एक मूठ पुरते. शेजारी कुळथाची पिठी आणि भात असू द्या. पिठीतही मीठ निम्मं टाका, कोकमाने तिची चव सावरते.