विमानाचं निळं पेट्रोल गाडीत चालेल का?

प्रश्न: नमस्कार सर, माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस ६, गेल्या महिन्यात रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतली. मित्र बारामतीला फ्लाइंग शिकतो, तो म्हणाला छोट्या विमानात टाकतात ते १०० एलएल टाक, पिकअप बघ कसा येतो. पाच लिटर आणून दिलं, टाकलं पण. फरक पडल्यासारखा वाटतोय, नक्की सांगता येत नाही. अजून आणू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नका आणू. आणि जे टाकलंय तेही काढून घ्या, कसं ते खाली सांगतो.

आधी ऑक्टेनचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथंच होतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, दाबाखाली पेट्रोल स्पार्कच्या आधीच भडकू नये, इंजिन वाजू नये, यासाठीची सहनशक्ती. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती, मॉन कडक आणि रॉन सौम्य. १०० एलएलचं ऑक्टेन मॉन पद्धतीने किमान ९९.६ असतं आणि पंपावरचा आकडा रॉन पद्धतीचा असतो, म्हणजे पंपावरचं १०० मॉनमध्ये मोजलं तर दहाएक अंकांनी खाली येतं. तेव्हा या पेट्रोलचं ऑक्टेन खरंच वरचं आहे, तुमचा मित्र तिथे खोटं बोलत नाहीये. पण तुमचा रीमॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिलाय त्याच्या वरचं टाकून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, काय करणार? त्याला स्पार्कचं टायमिंग आणि टर्बोचं बूस्ट जेवढं सांगितलंय तेवढंच तो देणार. वाजणं थांबलं असेल तर तेवढा फरक जाणवेल, आणि तेवढ्यासाठी पंपावरचं ९५ नाहीतर १०० ऑक्टेन पुरतं. इंडियन ऑइलने १०० वालं २०२० मध्येच आणलंय, पुण्यात मिळतं.

आता शिसं. नावातलं एलएल म्हणजे लो लेड, पण हे लो फक्त जुन्या विमान पेट्रोलच्या मानाने. लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. बीएस ६ पेट्रोलला मर्यादा आहे ०.००५ ग्रॅम, म्हणजे शंभर पटीहून जास्त फरक. ३५ लिटरची टाकी भरली तर जवळजवळ २० ग्रॅम, सोन्याच्या हिशोबात दोन तोळे शिसं एका टाकीत! ते जातं कुठं? काही ऑक्सिजन सेन्सरवर बसतं, काही कॅटमधल्या (सायलेंसरच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) प्लॅटिनम-पॅलेडियमवर थर धरतं आणि मग ते धूर साफ करायचं काम सोडून देतं. तुमच्या मित्राला विचारा, विमानाच्या प्लगमध्ये शिशाचे बारीक गोळे होतात ते काढावे लागतात का नाही. शिसं इंजिनात साचून राहू नये, बाहेर पडावं म्हणून त्या पेट्रोलमध्ये ब्रोमिनवालं रसायन मुद्दाम घातलेलं असतं, म्हणजे उरलेलं शिसं तुमच्या सायलेंसरमधून सिग्नलवर मागे उभ्या असलेल्या स्कूटीवरच्या पोराच्या नाकात. शिसं हाडात साठतं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि सुरक्षित पातळी अशी नाहीच. आपल्याकडे २००० सालीच पंपावरचं शिसं बंद झालं, जगात शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये बंद केलं. एवढ्या कष्टाने रस्त्यावरून घालवलेली गोष्ट आपण पिकअपसाठी परत आणायची, मला हे अजिबात पटत नाही.

पाच लिटरने कॅट लगेच मरत नाही, घाबरू नका. पण चालवून संपवू पण नका, वर्कशॉपला टाकी रिकामी करून घ्या आणि मेकॅनिकला आधी सांगा यात शिसं आहे म्हणून. तोंडाने पाईप ओढायचा नाही, हातात ग्लोव्ह हवेत कारण हे शिसं कातडीतून पण आत जातं, आणि गटारात ओतायचं नाही. काढलेलं बंद कॅनमध्ये ठेवा, घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या. आणि मित्राला आणायला लावू नका, फ्लाइंग स्कूलचं इंधन बाहेर नेताना पकडला तर त्याचं शिक्षण जाईल.

प्रश्न: आजोबांची जुनी अँबॅसेडर आहे. गॅरेजवाले म्हणतात जुन्या इंजिनला शिसं लागतंच, मग विमानाचं थोडं मिसळलं तर? (एक वाचक, सांगली)

उत्तर: यात अर्धं खरं आहे. जुन्या बीडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर शिशाचा थर बसायचा, तो गादीसारखा काम करायचा, तो गेला की सीट झिजून खाली बसू शकते, पण ते जास्त करून तासन्‌तास जोरात पळवल्यावर. तुम्ही रविवारी गावात फिरवणार असाल तर टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व आणि तो दाबणाऱ्या भागातला गॅप, बघत राहा. एक्झॉस्ट व्हॉल्वचा हा गॅप सारखा सारखा कमी होत असेल तर समजा सीट खाली जातेय. मग हेड उघडून लेथवाल्याकडून हार्ड सीट रिंग बसवून घ्या, साधं पंपावरचं पेट्रोल चालेल.